घंटी झोपली की मुद्रिकाताई उभ्या

आमच्या हॉस्पिटलात ‘घंटी झोपली’ असं कुणी म्हटलं, की चहा पिणारा माणूस अजूनही कप खाली ठेवतो आणि उठून उभा राहतो. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना याचं हसू येतं. त्यांना वाटतं, ही कळंबची काहीतरी रीत असावी. रीत आहेच, पण कळंबची नाही, माकणीची. ती इथं आणली मुद्रिकाताईंनी. आणि नुसती आणली नाही, आमच्या अंगात मुरेपर्यंत त्यांनी आमचा पिच्छा सोडला नाही.

आमचं हॉस्पिटल बाळंतपणाचं. तीन मजली इमारत, समोर धान्याच्या आडतीची दुकानं, मागं मोकळी जागा. मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणींच्या वॉर्डाची सिस्टर. छताला ठिकठिकाणी पांढऱ्या वाटीसारखे डिटेक्टर बसवलेत. धूर लागला की त्यांच्यामुळे सगळ्या इमारतीत घंटी वाजते. खाली स्वागतकक्षाच्या भिंतीवर त्या घंटीचं पॅनेल आहे. ते हिरवं दिसलं की सगळं ठीक, लाल झालं की आग. डिटेक्टर साफ करायचे, दुरुस्त करायचे, तर त्या भागाची घंटी तेवढा वेळ बंद ठेवावी लागते. तेव्हा पॅनेलवर पिवळा दिवा लागतो. मुद्रिकाताई त्याला ‘घंटी झोपली’ म्हणायच्या.

आधी हे काम करायला कंपनीचा एक तरुण यायचा. मुलगा सज्जन होता. पण वॉर्डात पाजणाऱ्या बायका, त्यांच्या सासवा, आया. त्याला बघितलं की आतून कडी. तीन महिने डिटेक्टरांना कुणाचा हात लागला नाही. कोळ्यांनी जाळी केली आणि घंटी वेळीअवेळी कोकलायला लागली. मग कुणीतरी सांगितलं, बसस्टँडच्या मागं एक बाई मोटारींचं रिवाइंडिंग करते, वायरमनचं लायसन आहे तिच्याकडे. कंपनीने त्यांना आठ दिवस शिकवलं आणि आमच्याकडे धाडलं.

पहिल्यांदा आल्या त्या अजून डोळ्यापुढे आहेत. सुती साडी, तिच्यावर पुरुषी खाकी शर्ट, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. चष्म्याला दोरी. खांद्यावर स्वतःचं लाकडी स्टूल. हॉस्पिटलची स्टुलं डुगडुगतात, असं त्यांचं मत होतं, आणि ते खरं होतं. मला वाटलं, बाई बटण दाबतील, ब्रश फिरवतील आणि जातील. बटण दाबायलाच त्यांना दीड तास लागला.

कारण बटण दाबायच्या आधी त्या सांगत सुटल्या. तळमजल्यावर सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, समोरच्या आडतीवर जाऊन शेठजींना आणि हमालांना सांगितलं, नगरपरिषदेच्या बंबाच्या ड्रायव्हरला सांगून आल्या. सगळीकडे स्वतः, पायी. मी म्हटलं, “ताई, फोन करायचा की.”

“फोनवर सांगितलेलं कानात जातंय सिस्टर, डोस्क्यात न्हाय,” त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “दुसरा मजला अकराला झोपतोय. बारापर्यंत. काय कळलं, बोला.”

“कळलं ना.”

“मग बोला की.”

मी बोलले. पंचवीस वर्षांची नोकरी, हाताखाली सहा मुली, आणि त्यांच्यादेखत मी शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं. राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण चार दिवसांनी आमच्या मोठ्या मॅडम शस्त्रक्रिया आटोपून बाहेर येत होत्या. त्यांच्या समोर उभं राहायला अख्खा तालुका कचरतो. मुद्रिकाताईंनी त्यांना दारातच गाठलं.

“मॅडम, पहिला मजला तीनला झोपतोय. काय कळलं?”

“हो हो, कळलं.”

“न्हाय, बोलून दावा.”

मॅडमनी तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाल्या, “पहिला मजला तीनला झोपतोय.”

“किती वेळ?”

“ते तुम्ही सांगितलंच नाही.”

“बरुबर,” मुद्रिकाताई म्हणाल्या. “तेच बघत हुते, ध्यान हाय का न्हाय.”

त्या दिवसापासून माझा राग गेला. मॅडम म्हणू शकतात तर मी कोण लागून गेले!

ही सवय त्यांना वडलांकडून आली होती. वडील माकणीच्या धरणावर कामाला. धरणाचं दार उघडायच्या आधी भोंगा वाजायचा, पण या गृहस्थाचा भोंग्यावर काडीचा विश्वास नव्हता. तो सायकल काढून तेरणा नदीच्या कडेकडेनं जायचा. पात्रात धुणं धुणाऱ्या बायका, पाण्यात मोटारी सोडलेले शेतकरी, म्हशी धुणारे गडी, प्रत्येकाला सांगायचा आणि प्रत्येकाकडून म्हणवून घ्यायचा. “आमचा बाप म्हनायचा, ज्यानं म्हनून दावलं त्यालाच कळलं,” त्या सांगायच्या. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसून त्यांनी हे किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे.

सांगून झालं की शिट्ट्या निघायच्या. तांबड्या फितीला बांधलेल्या, पत्र्याच्या, शाळेतल्या पीटीच्या मास्तरांकडे असतात तसल्या. ज्या मजल्याची घंटी झोपणार तिथल्या दोघी-तिघींच्या गळ्यात त्या शिट्टी घालायच्या. “आता घंटी तुमी,” असं म्हणायच्या. शिट्टी गळ्यात असलेल्या बाईने बसायचं नाही. दर दहा मिनिटांनी न्हाणीघर, कपड्यांची खोली, सामानाची खोली, सगळ्यांची दारं उघडून हुंगायचं. “डोळ्यानं बघू नका, नाकानं बघा,” हे दर वेळी. आणि स्वतः त्या काम करत असोत की नसोत, पॅनेलवरचा पिवळा दिवा जाईपर्यंत बूड टेकवायच्या नाहीत. एकदा कंपनीकडून एक भाग यायला उशीर झाला, तेव्हा जिन्याच्या कठड्याला पाठ लावून भाकरी खाल्ली, पण उभ्यानेच. मी खुर्ची पुढं केली तर म्हणाल्या, “घंटी झोपल्याव माणसानं बसून कसं चालंल? दोघंबी झोपल्यावर मग जागं कोण?”

पूर्ण इमारतीची घंटी त्यांनी एकदम कधीही बंद केली नाही. एका वेळी एक मजला, तोही कमीत कमी वेळ. रंगारी आले की डिटेक्टरवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या टोप्या घालाव्या लागतात. त्या टोप्या त्या मोठ्यानं मोजून घालायच्या आणि मोजून काढायच्या. “बारा घातल्या, बारा आल्या.” मग उदबत्ती पेटवून एकेका डिटेक्टरखाली धरायच्या. घंटी वाजली की खूश. मग पुन्हा सगळीकडे पायी फेरी, आडतीवर, दुकानात, बंबाच्या ड्रायव्हरकडे. “घंटी उठली. काय कळलं?” हमाल आधीच ओरडायचे, “उठली, उठली ताई!” शिट्ट्या परत घेताना पण मोजणी. एक जरी कमी आली तरी त्या हलायच्या नाहीत. आमची एक आया शिट्टी गळ्यात घालून घरी निघून गेली होती, तिला ढोकी रोडवरून रिक्षात घालून परत आणलं होतं. तिला अजून त्यावरून चिडवतात.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला आजही कसनुसं होतं, पण ते सांगितल्याशिवाय मुद्रिकाताई कळणार नाहीत.

आमच्या वॉर्डाचं खरं दुखणं म्हणजे धुरी. बाळंतिणीला आणि बाळाला ओव्याची, शेपांची धुरी द्यायची, हे आमच्याकडे आजीचं पहिलं काम. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी पिशवीतून धुपाटणं आणि चहाच्या टपरीवरून चार निखारे वर येतातच. आम्ही हाकललं की न्हाणीघरात, तिथून हाकललं की जिन्याखाली. आणि धूर दिसला की घंटी. एका आठवड्यात पाचदा वाजली. पाचही वेळा ओल्या टाक्यांच्या बायका बाळं घेऊन जिना उतरल्या, पाचही वेळा खाली काही नाही. सहाव्यांदा मी डोकं चालवलं. स्टुलावर चढले आणि वॉर्डातल्या डिटेक्टरवर रबरी हातमोजा चढवला. वॉर्ड गप्प झाला. मला वाटलं, आपण लई शहाण्या.

आठ दिवसांनी मुद्रिकाताई साफसफाईला आल्या. वर बघितलं. बोटं खाली लोंबणारा हातमोजा.

“हे कधीपास्नं?”

“आठ दिवस झाले.”

ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर मीही दोन शब्द सुनावले असते, आणि मामला मिटला असता. त्यांनी हातमोजा काढला, वास घेतला, डिटेक्टर उघडला. हातमोज्यातली पावडर आतपर्यंत बसली होती. उदबत्ती धरली, घंटी वाजेना. नवीन भाग लातूरहून एसटीने यायचा होता, चारच्या गाडीला. सकाळचे अकरा वाजले होते.

मुद्रिकाताईंनी तेवढाच डिटेक्टर बंद केला, सगळ्यांना सांगून आल्या, शिट्टी स्वतःच्या गळ्यात घातली आणि वॉर्डाच्या मधोमध, त्या मुक्या डिटेक्टरच्या बरोबर खाली उभ्या राहिल्या. चार वाजेपर्यंत. मध्ये दोन बाळं खांद्यावर घेतली, एका बाळंतिणीची वेणी घातली, दहा-दहा मिनिटांनी सगळी दारं हुंगून आल्या, पण बसल्या नाहीत. मी तीनदा म्हटलं, “ताई, मी उभी राहते, तुम्ही टेका.” तिसऱ्यांदा म्हणाल्या, “सिस्टर, तुमी हिचं नाक बांधलं आठ दिस. त्या आठ दिसांत ह्या बायका कुणाच्या भरवशावर झोपल्या?”

शरमेनं मान वर होईना. चौदा खाटा, चौदा बाळंतिणी, चौदा बाळं, आणि भरवसा म्हणजे माझा हातमोजा.

संध्याकाळी त्यांनी घंटीच्या नोंदवहीत लिहिलं, ‘डिटेक्टर झाकलेला आढळला. बदलला. चालू.’ कुणी झाकला ते लिहिलं नाही. ते त्यांच्या समोर मी माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी वाचलं, वही मिटली आणि पहिल्यांदाच माझ्याकडून चहा मागून घेतला. बसून प्यायल्या. त्या चहाचा मला केवढा अभिमान वाटला!

यानंतर वर्षभराने ती उद्घाटनाची गोष्ट घडली.

हॉस्पिटलचं नवं शस्त्रक्रियागृह तयार झालं होतं. तळमजल्याच्या हॉलमध्ये पूजा, छोटा होम, मग भाषणं. बाहेरगावाहून पाहुणे येणार. आमचे मॅनेजर तेव्हा नवीन होते, माणूस वाईट नव्हता पण कार्यक्रमाच्या धास्तीनं अर्धा झाला होता. त्यांनी मुद्रिकाताईंना बोलावून घेतलं. मी रजेचा अर्ज घेऊन तिथंच उभी होते.

“बाई, तीन दिवस सगळी घंटी बंद ठेवा. सुतार काम करतायत, परवा होम आहे, वर तुमच्या त्या धुऱ्या. पाहुण्यांसमोर वाजली तर माझी शोभा होईल.”

“होमापुरता हॉल झोपवते साहेब. म्या सोता उभी ऱ्हाते तिथं. सुतार असत्याल तिथं टोप्या घालते, सांजच्याला काढते. बाकी घंटी जागी ऱ्हाईल.”

“मी सगळी म्हणालो.”

“सगळी न्हाय व्हनार.”

“हॉस्पिटल तुमचं आहे का?”

“न्हाय. पर वर निजलेल्या बायका कुणाच्यातरी लेकी हायत की.”

मॅनेजरांनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. “पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघतो मी. तुमचं काम बंद.”

“पुढच्या म्हैन्याचं पुढच्या म्हैन्याला बघू,” मुद्रिकाताई म्हणाल्या. “परवाचं बोला. हॉल नवाला झोपतोय, अकरापर्यंत. काय कळलं?”

मॅनेजरांनी पाहुण्यांची यादी पुढं ओढली. त्यांनी म्हणून दाखवलं नाही म्हणून मुद्रिकाताई पाच मिनिटं दारात थांबल्या. शेवटी मॅनेजर खिडकीकडे तोंड करून पुटपुटले, “हॉल नऊला. अकरापर्यंत.” तेव्हा त्या गेल्या. त्यांची दोन लेकरं शिकत होती, मोटारींचं काम मंदावलं होतं, आमच्या हॉस्पिटलच्या कामावर घर चालत होतं. हे मला माहीत होतं.

उद्घाटनाच्या सकाळी मॅनेजर वर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “सिस्टर, तुम्ही समजूतदार आहात. वहीत वाचलंय मी, तुमच्या मजल्यावरच्या डिटेक्टरवर मागच्यासारखे हातमोजे चढवा. दोनच तास. त्या बाईला कळायची गरज नाही.” मी हो म्हटलं. नोकरदार माणूस काय म्हणणार! हातमोज्यांचा डबा घेतला आणि सुरुवात कपड्यांच्या खोलीपासून केली, कारण तिथं कुणी बघत नव्हतं. स्टुलावर चढले, हातमोजा चढवला. ती पाच बोटं खाली लोंबली. मुद्रिकाताईंचं ‘कुणाच्या भरवशावर’ कानात वाजलं. मी हातमोजा ओढून काढला, स्टुलावरून उतरले आणि डबा कपाटात ठेवला. मॅनेजरांना काय सांगायचं ते नंतर बघू, असं ठरवलं.

साडेनऊला खाली होम सुरू झाला. मुद्रिकाताई हॉलच्या कोपऱ्यात, आग विझवायच्या सिलिंडरशेजारी, खाकी शर्ट नि तांबड्या फितीची शिट्टी, नटूनथटून आलेल्या पाहुण्यांमध्ये उभ्या. हे मला नंतर सगळ्यांनी सांगितलं, आणि इतक्या जणांनी सांगितलं की आता मला ते मी पाहिल्यासारखंच वाटतं. होम अजून धुमसत होता, मॅनेजर माईकसमोर आले, ‘आजचा सुदिन’ एवढं म्हणाले आणि घंटी वाजली.

पाहुणे उठले. मॅनेजरांचा चेहरा पांढरा पडला. “बंद करा! बाई, आधी ते बंद करा!” ते माईकमध्येच ओरडले.

मुद्रिकाताई पॅनेलपाशी पोचल्या होत्या. हॉलचा पिवळा दिवा आपल्या जागी, आणि दुसऱ्या मजल्याचा लाल. बटण हाताशी होतं. त्यांनी ते दाबलं नाही. “आदी बघून येते, मग गप करते,” म्हणाल्या. दोन पावलं टाकली आणि थांबल्या, कारण हॉलची घंटी झोपलेली होती आणि तिथं होम पेटता होता. त्या मागं वळल्या, स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मॅनेजरांच्या गळ्यात घातली, त्यांच्या नव्या कोटावर. “साहेब, म्या येईस्तवर हितली घंटी तुमी. होमाकडं बघा. बसू नका.”

आणि जिना चढल्या. लिफ्ट नाही, जिना.

वर काय झालं होतं? एका आजीनं होमाच्या गडबडीचा फायदा घेऊन धुपाटणं आणलं होतं. नातवाला धुरी द्यायची होती. आमच्या वॉर्डातली एक मुलगी समोरून येताना दिसली म्हणून म्हातारीनं घाबरून ते कपड्यांच्या खोलीत सरकवलं आणि दार ओढून घेतलं. वरच्या फळीवरून एक चादर निखाऱ्यांवर लोंबत होती. मी दाराला उलटा हात लावला तर दार कोमट. आम्ही बायकांना आणि बाळांना दुसऱ्या बाजूच्या जिन्याकडे नेलं. तेवढ्यात मुद्रिकाताई आल्या, जिन्याजवळचा सिलिंडर घेतला, मला म्हणाल्या, “दार म्या उघडते, तुमी बाजूला व्हा,” आणि खाली वाकून दार उघडलं. आत काळा धूर आणि दोन गठ्ठे पेटलेले. पाच मिनिटांत सगळं विझलं. पुढचे दोन गठ्ठे पेटले असते तर त्या खोलीच्या भिंतीपलीकडे वॉर्ड होता.

त्यांनी कपड्यांच्या खोलीच्या छताकडे बघितलं. धुरानं काळवंडलेला डिटेक्टर, त्याचा लाल दिवा चालू. मग माझ्याकडे बघितलं. मी त्या सकाळच्या हातमोज्याबद्दल त्यांना सांगितलं, तिथंच, धुरात खोकत. त्यांनी माझ्या दंडाला घट्ट धरलं आणि म्हणाल्या, “काढला न्हवं? झालं तर मग.” तो हात मी विसरले नाही.

म्हातारी भिंतीला धरून रडत होती. तिच्याजवळ जाऊन त्या म्हणाल्या, “रडू नगा मावशी. नातू कसाय? खाली नेलाय न्हवं? जावा त्याच्यापाशी.” मग त्या खाली गेल्या आणि घंटी गप्प केली. आडतीवरचे हमाल बादल्या घेऊन दारात हजर होते, शेठजी स्वतः अनवाणी. आणि हॉलमध्ये मॅनेजर होमाशेजारी ताठ उभे, गळ्यात तांबडी फीत. पाहुणे बसले होते, ते बसले नव्हते. मुद्रिकाताईंनी शिट्टी परत मागितली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी काढून दिली आणि विचारलं, “सगळ्या ठीक?”

“चौदा बायका, चौदा लेकरं. मोजून आले.”

मॅनेजर खुर्चीत कोसळले आणि रडले. भाषण त्यांनी पुन्हा केलंच नाही. पुढच्या महिन्यात दुसरा माणूस आला नाही. त्याबद्दल त्या दोघांत पुन्हा एक शब्द झाला नाही.

दुसरी कुणी असती तर एवढ्यावर मिरवली असती. मुद्रिकाताईंना आगीपेक्षा त्या म्हातारीची भीती खुपत होती. “ती चोरून का देत हुती? आपुन जागाच ठिवली न्हाय म्हनून,” त्या म्हणाल्या. मॅडमना पटवून त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत एक पत्र्याची शेड करून घेतली. तिन्ही बाजूंनी उघडी, खाली फरशी, कोपऱ्यात वाळूच्या बादल्या. आजी तिथं शेक-धुरीची हौस करतात. आत फक्त आजी, तिचं ओवा-शेपांचं गाठोडं आणि बाळाची दुपटी. बाळाला लांबून नुसता वास, एवढी तडजोड मॅडमनीही केली. शेडच्या खांबाला एक तांबड्या फितीची शिट्टी टांगलेली आहे. तेव्हापासून धुरीसाठी आमची घंटी वाजली नाही. डॉक्टरांचे ‘धुरी देऊ नका’ हे फलक दहा वर्षांत जे करू शकले नाहीत ते त्या बाईनं चार पत्र्यांत केलं, आणि हे मी येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ऐकवते, त्यांना आवडो न आवडो.

पुढं त्यांचे गुडघे गेले. स्टुलावर चढवेना, फार वेळ उभं राहवेना. डॉक्टरांनी उभं राहायला सक्त मनाई केली. काम एका नव्या तरुणाकडे गेलं. आता बायका त्याला आत येऊ देतात, त्याचीही सवय झाली. मुद्रिकाताई माकणीला लेकाकडे राहायला गेल्या. मधून फोन यायचा, पहिला प्रश्न घंटीचा, दुसरा माझा.

यंदा त्यांच्या लेकीचं बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मुद्रिकाताई वॉर्डाबाहेरच्या बाकावर नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गुडघ्यांना पट्टे, शेजारी काठी. तेवढ्यात तो तरुण जिना चढून आला. सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

“सिस्टर, दुसरा मजला अकराला झोपतोय. साडेअकरापर्यंत. काय कळलं?”

मी म्हणून दाखवलं. आयांनी म्हणून दाखवलं. त्यानं चौघींच्या गळ्यात शिट्ट्या घातल्या. हे शब्द कुणाचे, हे त्या पोराला माहीत नव्हतं. त्याला ते इथल्याच लोकांनी शिकवले होते, कामाचा नियम म्हणून. मी मुद्रिकाताईंकडे बघितलं. त्या ओठ घट्ट मिटून नातीकडे बघत होत्या, पण चष्म्याखालून गाल ओले झाले होते.

आणि मग त्या काठी टेकून उठायला लागल्या.

“ताई, बसा. तुम्हाला मनाई आहे. आणि आज तुम्ही पाव्हण्या.”

“घंटी झोपल्याव कुनी पाव्हनं नसतंय सिस्टर.” एका हातात नात, काठी भिंतीला लावून दुसरा हात त्यांनी त्या तरुणापुढे केला. “एक शिट्टी दे बाबा.”

“तुम्ही कोण, आजी?”

“हिची आजी,” त्यांनी बाळाकडे हनुवटी केली.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यानं पाचवी शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली. अर्धा तास त्या भिंतीला खांदा लावून उभ्या होत्या. गुडघे थरथरत होते ते साडीच्या निऱ्यांवरून कळत होतं. दहा मिनिटांनी कपड्यांच्या खोलीचं दार उघडून, नातीला खांद्याशी धरून, आत हुंगून आल्या. मी बसा म्हटलं नाही. मीही उभी होते. आमचा सगळा मजलाच उभा होता.

साडेअकराला घंटी एकदा वाजवून बघितली. नात दचकली. मुद्रिकाताई तिच्या कानाशी म्हणाल्या, “उठली गं बाय, उठली.” तरुण खाली जाऊन पॅनेल बघून आला, सगळीकडे सांगून आला आणि शिट्ट्या गोळा करायला लागला. सगळ्यात शेवटी त्यांच्यासमोर आला. त्यांनी फीत मानेवरून काढून त्याच्या तळहातावर ठेवली, पण हात काढला नाही. वाट बघत राहिल्या.

“पाच दिल्या, पाच आल्या,” तो मोठ्यानं म्हणाला.

तेव्हा मुद्रिकाताई बसल्या.